खिडकीची उंची

टेकडीवरच्या जुन्या पोलीस चौकीची मोजणी
मी मंगळवारी सुरू केली.
फॉर्म सात पानी, फीत पाच मीटरची.
व्हरांड्याच्या सावलीत एक कुत्रा, कुणाचाच नाही;
त्याला ओलांडून कमानी मोजल्या : नऊ.

चौकी बंद होऊन एकोणीस वर्षं झाली.
खाली खाडी, खाडीत कालवांसाठी रोवलेल्या काठ्या,
पलीकडे शेनझेनचे काचेचे मनोरे,
जिथं पूर्वी, म्हणतात, रात्री एक दिवा दिसायचा नाही.

'स्थापत्य' या रकान्यात लिहिलं :
कौलं चिनी, दुहेरी. भिंतीतली शेकोटी इंग्रजी,
असल्या दमट हवेत ती कितीदा पेटली कोण जाणे.
बंदुका टेकवायच्या खाचा बारा.
स्वयंपाकघरं दोन : एक इथल्या शिपायांचं,
एक पंजाबातून आलेल्यांचं,
त्या चुलीमागे भिंतीवर अजून
तव्याएवढा काळा डाग.
'दुर्मिळता' : मध्यम.
'सामाजिक मूल्य' :
इथं पेन अडलं.

तेवढ्यात याउ लिन-मोई चढून आली,
काळ्या झालरीची हाक्का टोपी, हातात काठी.
मला वाटलं, गावातली म्हातारी, सहज आली असेल.
"कोठडीची खिडकी मोजलीस?"
मोजली होती. बाहेरून, जमिनीपासून, दोन मीटर अठ्ठावीस.
"चूक," ती म्हणाली.
"माझी उंची आणि वर एक बांबू."

बासष्ट सालचा मे. ती नऊ वर्षांची.
पलीकडून माणसं यायची पोहत,
चेंडूची ब्लॅडर फुगवून छातीशी बांधलेली,
शिंपल्यांनी तळपाय सोललेले.
चौकीत पाव मिळायचा, रात्रीपुरती घोंगडी,
आणि सकाळी परतीचा ट्रक.
आई रताळी उकडायची.
लिन-मोई ती बांबूला टोचून
गजांमधून आत सारायची.
"पहाऱ्याचा शिपाई?"
"चुंग. तो नेमका तेव्हाच
खाडीकडं तोंड करून सिगारेट ओढायला जायचा.
त्याला सोसायची नाही. उभा खोकत राहायचा."

एका रात्री बांबू परत आला तो जड.
टोकाला चिंधी, चिंधीत बटण,
आणि आतून एका बाईचा आवाज :
युएन लाँगला शिंपी आहे, आडनाव हो,
त्याला दे. सांग, मी इथवर आले होते.

इथवर म्हणजे ही भिंत.
मी तिच्यावर हात ठेवून उभा होतो, तो काढला.

पुढच्या महिन्यात वडील बदकं विकायला निघाले,
ही त्यांच्या मागे लागून गेली.
त्या गल्लीत शिंपी सहा.
त्यातल्या चौघांचं आडनाव हो.
चौघांनी बटण तळहातावर घेतलं,
उजेडात नेलं, उलटं करून पाहिलं,
लगेच कुणीच परत दिलं नाही.
आणि चौघंही नाही म्हणाले.

"बटण आहे अजून?"
"आहे."
फॉर्मात 'जंगम वस्तू' असा रकाना आहे.
मी तोंड उघडायच्या आत तिनं सांगितलं,
"ते चौकीचं नाही."
मग टोपी नीट केली
आणि उतरताना पायऱ्या मोजत गेली, मोठ्यानं,
माझ्यासाठी असावं.

इथं अतिथिगृह करायचं घाटतं आहे.
कोठडीत कॉफी. खिडकी खाली आणायची,
म्हणजे बसल्या जागी खाडी दिसेल.
नकाशा सुबक आहे. मागच्या आठवड्यात
मीच त्यावर सही केली.

पान सहा, शिफारशी.
लिहिलं : खिडकीची उंची बदलू नये.
खाली छापलेलं : कारण,
आणि पुढं बोटभर रेघ.

चार चाळीसची मिनीबस वळणावर दिसली.
कुत्रा सावलीबरोबर थोडा सरकला.
मी समासात लिहायला लागलो.
बस थांबली असावी. गेलीही.